गिअर कधी बदलावा? पिकअपवर घर चालवणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पहाटे तीन-साडेतीनला भाजीबाजाराकडे निघालेली पिकअप आता बहुतेक वस्त्यांतून दिसते. भाजी, सिमेंटच्या गोण्या, पाण्याचे जार, मंडपाचे सामान, सारे याच गाडीवर जाते. गाडी चालवतो एकजण, पण तिच्यावर घर सगळे चालते. गाडीचा हप्ता, मुलांची फी, म्हाताऱ्या आईचे औषध, सर्व तिच्याच भाड्यातून निघते. म्हणून गाडी कशी चालवावी हा एकट्या ड्रायव्हरचा प्रश्न नाही. तो घरातील प्रत्येकाचा प्रश्न आहे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बहुधा लहान पेट्रोल गाडीवर शिकवतात. तीच सवय घेऊन तरुण मुलगा डिझेल पिकअपवर बसतो आणि मग क्लच प्लेट लवकर जाते, डिझेल जास्त लागते, घाटात गाडी दम टाकते. दोष गाडीचा नसतो. डिझेल इंजिनाचा स्वभाव वेगळा आहे, एवढेच.

जर्मनीचे अभियंते रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्याला स्पार्क प्लग नसतो. आत घेतलेली हवा मूळ जागेच्या सोळाव्या ते विसाव्या भागात दाबली जाते. त्या दाबाने ती पाचशे अंशांहून अधिक तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारताच पेट घेते. असे इंजिन कमी फेऱ्यांतच मोठा जोर देते, पण फार वेगाने फिरू शकत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपमध्ये इंजिनाचा जोर मिनिटाला साधारण १४०० ते २२०० फेऱ्यांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. गिअर बदलण्याचे सारे गणित याच पट्ट्यात आहे.

वरचा गिअर केव्हा? रिकामी गाडी सपाट रस्त्यावर असेल तर १८०० च्या आसपास, भरलेली असेल तर २००० ते २२०० वर वरचा गिअर टाकावा. गिअर टाकल्यावर काटा १३००-१४०० च्या खाली पडला, तर समजावे की घाई झाली. फेऱ्यांचा काटा नसेल तर वेगावरून अंदाज घ्यावा. पहिला गिअर गाडी उचलण्यापुरता, दहाच्या आसपास दुसरा, वीसला तिसरा, पस्तीसला चौथा आणि पन्नास-पंचावन्नच्या पुढे पाचवा. हे आकडे ढोबळ आहेत. गाडीप्रमाणे आणि वजनाप्रमाणे थोडे मागेपुढे होतात. इंजिन किंचाळेपर्यंत रेस देण्यात मात्र काही मिळत नाही. जोर आधीच संपलेला असतो, फक्त डिझेल जळते.

खालचा गिअर केव्हा? रेस वाढवूनही वेग वाढत नाही, गाडी थरथरते, आवाज जड होतो, मागे काळा धूर दिसतो, तेव्हा इंजिन खालचा गिअर मागत असते. अशा वेळी पाय आणखी दाबू नये. कमी फेऱ्यांत जबरदस्ती केल्याने पिस्टन आणि बेअरिंगवर भार येतो. वेळेवर गिअर उतरवणे यात कमीपणा नाही. टॉपमध्येच चढ काढला ही फुशारकी पुढे मेकॅनिकच्या बिलात दिसते. मात्र गिअर एकेक करून उतरवावा. वेगात असताना पाचव्यावरून एकदम दुसरा टाकला तर इंजिन मर्यादेबाहेर फिरते आणि मागची चाके घसरू शकतात.

घाट चढताना. कसारा असो, खंबाटकी असो, चढ लागण्यापूर्वीच गिअर उतरवून घ्यावा. गाडी मेल्यावर मध्येच गिअर शोधत बसले तर उरलेली गतीही जाते. वळणात गिअर बदलू नये, वळणाआधी बदलावा. चढावर रांगेत थांबावे लागले तर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नये. त्याने क्लच प्लेट जळते. हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा, क्लच हळू सोडत गाडी ओढू लागली असे जाणवले की रेस देत हँडब्रेक सोडावा.

घाट उतरताना. इथे प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे नीट समजून घ्यावे. गाडी गिअरमध्ये असताना रेसवरचा पाय पूर्ण काढला की इंजिनाला डिझेल जाणे बंद होते, कारण चाकेच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल घेतच राहते. म्हणजे वाचत काहीच नाही. उलट सारा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळू शकते आणि ऐन वळणावर पेडल खाली जाते, पण गाडी थांबत नाही.

चावी बंद करून उतरणे त्याहून घातक. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम डिझेल गाडीत इंजिनावर चालणाऱ्या पंपातून मिळतो. इंजिन बंद झाले की दोन-चार वेळा ब्रेक मारल्यावर पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते, आणि चावी चुकून पुढे फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

जुन्या ड्रायव्हरांचा नियम सोपा आहे: जो घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. साध्या डिझेल इंजिनाचा रोध पेट्रोलपेक्षा कमी असतो, म्हणून गिअर पुरेसा खालचाच हवा. ब्रेक सतत चेपून ठेवू नये. दाबावा, वेग कमी करावा, सोडावा. गाडी मर्यादेपेक्षा जास्त भरली तर हे सारे नियम अपुरे पडतात. आणि लग्नकार्यासाठी मागच्या हौद्यात माणसे बसवून घाट उतरणे तर कधीच करू नये. कायदाही त्याला परवानगी देत नाही.

काही लहान सवयी. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये. हात गिअरच्या दांड्यावर टेकवून ठेवू नये, आतले भाग झिजतात. रिव्हर्स गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकावा. लांब चढ काढून आल्यावर टर्बो असलेली गाडी एक-दोन मिनिटे चालू ठेवून मग बंद करावी.

घरात कोणी नवा मुलगा किंवा मुलगी गाडी शिकत असेल, तर पहिले काही दिवस गाणी बंद ठेवून त्यांना इंजिनाचा आवाज ऐकायला लावा. सपाट मैदानावर आधी रिकामी, मग थोडे वजन टाकून गाडी चालवू द्या. कान तयार झाला की काट्याकडे पाहावे लागत नाही. शिकवण्याच्या त्या आठ दिवसांत भाडे थोडे बुडेल, पण गाडी आणि माणूस दोन्ही सुखरूप घरी येतील.