कॉम्प्युटर उठत का नाही?

‘कॉम्प्युटर चालूच होत नाही.’ नांदेड असो की लातूर, गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतं ते हे वाक्य घेऊनच. गेली पंचवीसेक वर्षं मी ते ऐकत आलोय. त्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : चालू होत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही? पंखा फिरतो का? दिवा लागतो का? बीप वाजतो का? पडद्यावर अक्षरं उमटतात का? बहुतेकांना उत्तर देता येत नाही, कारण तसं कुणी बघितलेलंच नसतं. डॉक्टरांकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगण्यासारखं हे झालं. मग डॉक्टर चांगला असेल तर ठीक, नाहीतर सगळ्या तपासण्यांचं बिल आपल्या माथी.

आपल्याकडे कॉम्प्युटर घरोघरी आला तो बहुतेक ‘असेंबल्ड’, म्हणजे सुटे भाग आणून जोडलेला. १९८१ साली आयबीएम कंपनीनं आपला पीसी बाजारात आणला, तो बराचसा बाहेरच्या कंपन्यांचे भाग वापरून. लवकरच इतरांनीही तसेच कॉम्प्युटर बनवले आणि एकाचा मदरबोर्ड, दुसऱ्याची रॅम, तिसऱ्याचं कॅबिनेट एकमेकांत बसू लागलं. आमच्याकडे हा माल सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचा. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत निघाले आणि ‘पोराला घरी एक कॉम्प्युटर पाहिजे’ असं वडीलधारे म्हणू लागले.

असेंबल्डचा फायदा म्हणजे पैसे वाचतात. तोटा असा की बिघाड झाला तर त्याला एक धनी नसतो. एसएमपीएसवाला म्हणतो बोर्ड बघा, बोर्डवाला म्हणतो रॅम बघा. म्हणून अशा कॉम्प्युटरच्या मालकाला एक गोष्ट ठाऊक हवी : कॉम्प्युटर झोपेतून उठतो तो ठरलेल्या क्रमानं, एकेक पायरी चढत. तो कोणत्या पायरीवर अडला हे कळलं, की निम्मी दुरुस्ती झाली.

कॉम्प्युटर सुरू होण्याला ‘बूट’ होणं म्हणतात. इंग्रजीत बुटाच्या मागच्या पट्टीला ‘बूटस्ट्रॅप’ म्हणतात. ती पट्टी धरून माणसानं स्वतःच स्वतःला उचलावं, अशी ही कल्पना. अडचण खरोखरच तशी आहे. कोणताही प्रोग्रॅम चालायचा तर तो मेमरीत आणणारा दुसरा प्रोग्रॅम आधी पाहिजे. मग पहिला कुठून आणायचा? म्हणून मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा ठेवलेला असतो. जुन्या बोर्डांत त्याला बायॉस म्हणत, नव्यांत यूईएफआय म्हणतात. आपण सोयीसाठी बायॉसच म्हणू.

आता क्रम बघा. बटन दाबलं की एसएमपीएस भिंतीतल्या २३० व्होल्टपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो. हे दाब स्थिर झाले की तो बोर्डाला ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देतो. एसटीचा कंडक्टर डबल बेल देतो ना, तसंच. हा इशारा आल्याशिवाय प्रोसेसर जागचा हलत नाही. इशारा आला की बायॉस कामाला लागतो. मेमरी आहे का, डिस्प्ले आहे का, कीबोर्ड आहे का, याची हजेरी घेतो. मग डिस्क शोधतो आणि शेवटी कारभार विंडोजच्या हाती देतो. वीज, हजेरी, डिस्क, विंडोज अशा या चार पायऱ्या.

पहिली पायरी विजेची. बटन दाबूनही पंखा नाही, दिवा नाही, सगळं गार. अशा वेळी कॅबिनेट उघडायची घाई करू नका. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून बघा. स्पाइक बस्टर आणि यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीतून वीज द्या. एसएमपीएसच्या मागे छोटा खटका असतो, झाडझूड करताना तो पुष्कळदा बंद होतो. एवढं करूनही हालचाल नसेल, तर शेजाऱ्याचा चालू एसएमपीएस आणून लावून बघणं ही सगळ्यात सोपी परीक्षा. मात्र एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. त्याच्या आतल्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा भार असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो.

घरी नवा कॉम्प्युटर जोडणाऱ्या पोरांचं दुखणं थोडं वेगळं असतं. नांदेडला विष्णुपुरीकडचा एक विद्यार्थी नवाकोरा सेट घेऊन आला होता. पंखा क्षणभर हलायचा आणि थांबायचा. सगळे भाग नवे, म्हणून बिचारा घाबरलेला. बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो, त्यातली एक खुंटी जिथे बोर्डाला भोकच नव्हतं तिथे बसवलेली होती. ती बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करत होती. खुंटी काढली, कॉम्प्युटर उठला. नव्या जोडणीत आणखी एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी वायर. चोवीस पिनांची मोठी वायर लावली की काम झालं असं वाटतं; पण ही छोटी वायर नसेल तर पंखे फिरतील आणि प्रोसेसर उपाशी राहील.

दुसरी पायरी हजेरीची. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळा. आधी मॉनिटरकडे बघा. ‘नो सिग्नल’ अशी अक्षरं दिसली तर मॉनिटर जिवंत आहे. वेगळं डिस्प्ले कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच हवी, बोर्डाच्या जागेत नको. मग बीप ऐका. पडदाच बंद असेल तर बायॉसनं तक्रार सांगायची कशी? म्हणून ही बीपची भाषा. अ‍ॅवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार. थांबून थांबून लांब बीप म्हणजे बहुधा रॅमची. कंपनीगणिक अर्थ बदलतो, तो बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पुष्कळ नव्या बोर्डांवर बीपऐवजी चार बारीक दिवे असतात : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो दिवा लागून राहतो, तिथे गाडी अडली असं समजा.

या पायरीवरचा नेहमीचा गुन्हेगार रॅम. आपल्याकडची बारीक धूळ तिच्या खाचेत बसते. वीज बंद करून, वायर काढून, रॅमच्या पट्ट्या बाहेर काढा. सोनेरी कडा स्वच्छ खोडरबरानं हलकेच पुसा, चुरा झटका आणि पट्टी दोन्ही बाजूंच्या कड्या ‘टक्’ वाजेपर्यंत दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. तरी उठला नाही, तर बोर्ड, प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस एवढंच ठेवून बाकी सगळं काढा. उठला, तर एकेक भाग परत जोडत चला. जो जोडल्यावर पुन्हा अडेल, तो चोर. एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम मोडू नका. एकदम तीन गोष्टी बदलल्या, तर कशानं गुण आला ते कळत नाही.

कॅबिनेट उघडलंच आहे तर बोर्डावरचे उभे, गोल कॅपॅसिटरही बघा. माथा सपाट हवा. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या अनेक बोर्डांवर सदोष कॅपॅसिटर आले होते. ते फुगायचे, फुटायचे आणि कॉम्प्युटर अडायचा. माथा फुगलेला दिसला तर दुखणं तिथेच आहे.

तिसरी पायरी डिस्कची. अक्षरं येतात, पण ‘डिस्क बूट फेल्युअर’सारखा संदेश येऊन थांबतं. आधी लावून ठेवलेला पेनड्राइव्ह काढा. बायॉस त्यालाच डिस्क समजून बसलेला असतो. डिस्कची केबल दोन्ही टोकांना नीट दाबा. मग बायॉसमधली तारीख बघा. ती वर्षानुवर्षं मागे गेली असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा बटनसेल संपलाय. तो संपला की वीज गेल्यावर बायॉस आपल्या सेटिंग्ज विसरतो, डिस्क कशी वाचायची तेही विसरतो. काही रुपयांच्या सेलपायी लोक नवा बोर्ड घेताना मी पाहिले आहेत. मात्र नव्या विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद ठेवायची सोय असते. बायॉसमध्ये बदल झाल्यावर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती की कॉम्प्युटर ठणठणीत असतानाच वहीत लिहून ठेवा.

चौथी पायरी विंडोजची. कंपनीचं चिन्ह येतं, गोल फिरत राहतं, पुढे काही नाही. इथे बहुतेक दुकानांत एकच औषध मिळतं : फॉरमॅट. फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे. पाटी पुसणं आहे. पाटीवर काय लिहिलंय हे आधी बघायला नको का?

लातूरला शिकवणी घेणारे एक सर २०१९च्या मे महिन्यात माझ्याकडे आले. एका दुकानात त्यांना सांगितलं होतं, ‘मदरबोर्ड गेला, डिस्कही फॉरमॅट मारावी लागेल.’ त्या डिस्कवर बारा वर्षांचे प्रश्नसंच होते, स्वतः टाइप केलेले. दुसरी प्रत नव्हती. सर म्हणाले, ‘बोर्डाचं राहू द्या हो, पैसे जातील. बारा वर्षं कुठून आणू?’ मी म्हटलं, ‘सर, आधी बसा. पंखा फिरतो का?’ पंखा फिरत होता, पडदा काळा होता. म्हणजे दुसरी पायरी. डिस्कपर्यंत प्रकरण पोचलंच नव्हतं. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक खराब निघाली. ती काढली आणि विंडोज उघडलं. पहिलं काम केलं ते प्रश्नसंचांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर घेण्याचं. पाणी प्यायलो ते त्यानंतर.

यातून एक शहाणपण घ्या. दुसऱ्या पायरीपर्यंतच्या दुरुस्तीला दुकानदाराला तुमच्या डिस्कची गरजच नसते. दोन-चार स्क्रू काढून ती घरी ठेवता येते. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. पुन्हापुन्हा चालू करून बघाल तितकं आतलं नुकसान वाढेल.

आपल्या भागाची दोन दुखणी वेगळी आहेत. एक उन्हाचं. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो, प्रोसेसरवरच्या जाळीत धूळ अडकलेली, खालची पेस्ट वाळलेली. मग कॉम्प्युटर उठतो आणि काही मिनिटांत आपोआप बंद पडतो. तो बिघडलेला नसतो; जळू नये म्हणून स्वतःला मिटवून घेतो. जाळी साफ करा, पेस्ट बदला.

दुसरं अर्थिंगचं. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईची ओल्या मातीशी असलेली पकड सुटते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नाही असं समजा. स्पाइक बस्टर विकत घेतला तरी त्याचं संरक्षण बरंचसं अर्थिंगवरच अवलंबून असतं. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं. अशा साली अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं कुणाला सुचणार? पण एरवी उन्हाळ्याच्या तोंडी खड्डा ओला ठेवा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. त्याची मजुरी नव्या मदरबोर्डापेक्षा कितीतरी कमी असते.

इतकं करूनही कॉम्प्युटर दुकानात न्यावा लागेल. त्यात कमीपणा नाही. फक्त जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या : पंखा फिरतो की नाही, बीप किती आणि कसे वाजतात, पडद्यावर शेवटची अक्षरं कोणती, आणि बंद पडण्याच्या आदल्या दिवशी काय घडलं, वीज गेली होती, साफसफाई झाली होती की नवा भाग लावला होता. तो कागद समोर ठेवलात, की दुकानदार तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलू लागतो. आणि त्यानं ‘फॉरमॅट’ शब्द काढलाच, तर एवढंच म्हणा, ‘आधी कॉपी, मग फॉरमॅट.’