उत्तर एक, चुका दोन

५२ मधून १७ वजा करायला सांगितले आणि वर्गातल्या दोन मुलांनी उत्तर ४५ लिहिलं, असं समजू. बरोबर उत्तर ३५. बहुतेक ऑनलाइन पाठ इथं फुली मारतात आणि दोघांनाही तोच व्हिडिओ पुन्हा दाखवतात. पण दोघांची चूक वेगळी असू शकते. एकानं दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन काढले. दुसऱ्यानं हातचा घेतला, बारातून सात वजा केले, मात्र दशकाच्या घरातले पाच चार करायचे राहून गेले. पहिल्याला हातचा मुळातच समजलेला नाही. त्याला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायला हवेत. दुसऱ्याला फक्त सुटलेली पायरी दाखवली की पुरे.

हा फरक यंत्राला ओळखता येतो, पण त्यासाठी पुढचा प्रश्न विचारपूर्वक निवडावा लागतो. ५३ वजा १७ विचारलं, की पहिल्याचं उत्तर येईल ४४ आणि दुसऱ्याचं ४६. मुलं अशी ठरावीक रीतीनं चुकतात, हे जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्येच सविस्तर मांडलं होतं. माझ्या मते मुलागणिक शिकवणं म्हणजे हेच. कुणी ‘बघून शिकणारा’, कुणी ‘ऐकून शिकणारा’ अशी लेबलं लावून पाठ वाटण्याला भक्कम संशोधनाचा आधार नाही, तरी जाहिरातींत तीच भाषा सर्रास दिसते.

दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गनिमियन यांनी केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असल्याचं दिसलं. नववीपर्यंत ही दरी साडेचार इयत्तांवर गेलेली. अशा वर्गात शिक्षक कितीही तळमळीचा असला, तरी एकच धडा सगळ्यांपर्यंत पोचणार कसा? माइंडस्पार्क इयत्ता न बघता मूल जिथं अडलं आहे तिथून सुरुवात करत असे. शाळेबाहेरच्या केंद्रात पाऊण तास संगणकावर आणि पाऊण तास छोट्या गटात शिक्षकासोबत, असा दीड तासाचा वर्ग. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत मुलांनी चांगलीच मजल मारली. फायदा संगणकाचा किती आणि त्या छोट्या गटाचा किती, हे या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही, म्हणून नुसते टॅब वाटून तोच परिणाम मिळेल असं कुणी धरू नये.

शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र ही प्रगती ठळकपणे उतरली नाही. पेपर इयत्तेचा होता आणि मूल तिसरीवरून पाचवीपर्यंत आलं, तरी सातवीच्या पेपरात ते नापासच दिसतं. पालकांच्या हाती पडतं ते हेच प्रगतिपुस्तक. मूल कुठून कुठवर आलं, याचा एक रकाना त्यात यायलाच हवा. नाहीतर मूल शिकत असतानाच घरचे त्याचा ऑनलाइन वर्ग बंद करतील.