विमानाचा एक तास

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील केदारखेडा येथून घरांतील आजारी माणूस मुंबईच्या रुग्णालयांत न्यावयाचा असला, म्हणजे कोणी तरी सहज सुचवितो कीं, विमानानें न्यावें. छत्रपती संभाजीनगराहून मुंबई अवघी एका तासावर आहे. हें म्हणणें खोटें नाहीं; पण तें पुरें खरेंही नाहीं. त्या एका तासांत काय धरलें आहे आणि काय वगळलें आहे, हें ज्यास ठाऊक असेल, त्याचाच बेत बरोबर उतरेल.

प्रथम अंतर पाहावें. संभाजीनगर ते मुंबई हा लोहमार्ग सुमारें ३७५ किलोमीटरांचा आहे. कारण तो आधीं मनमाडकडे वळतो व मग नाशिक, इगतपुरी करीत कसारा घाट उतरतो. विमानास घाटही नाहीं आणि वळणही नाहीं. त्याचें अंतर नकाशावरूनच काढतां येतें. दोन्ही विमानतळांच्या रेखांशांत अडीच अंशांहून किंचित् अधिक फरक आहे. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरांचा असतो. उत्तरेकडे जावें तसतसा तो आखडतो व या प्रदेशांत १०५ किलोमीटरांचा भरतो. म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर सुमारें २६५ किलोमीटर झालें. अक्षांशांतील फरकामुळें उत्तर-दक्षिण अंतर सुमारें ८५ किलोमीटर येतें. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण कल्पून कर्ण काढला, कीं सरळ अंतर सुमारें २८० किलोमीटर निघतें.

ताशीं ५०० किलोमीटर वेगानें हें अंतर चौतीस मिनिटांत संपावें. मग वेळापत्रकांत तास-सव्वा तास कां? कारण तेथील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईस जागेवर उभें राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सरकणें, वर चढणें, खालीं उतरणें, सारें तींत येतें. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात. त्यामुळें दोन्हींचा एकदम उपयोग होत नाहीं आणि गर्दीच्या वेळीं विमानास आकाशांत घिरट्या घालाव्या लागतात. वाराही हिशेबांत धरावा लागतो. पश्चिमेचा वारा ताशीं ५० किलोमीटरांचा असला, तर मुंबईकडे जातांना सदतीस मिनिटें लागतील आणि परततांना एकतीस पुरतील.

आतां घरापासूनचा हिशेब. चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंत दोन तास, तेथें आधीं पोंचावयाचा दीड तास, विमानाचा सव्वा तास, सामान घेण्यास अर्धा तास, मुंबईच्या रस्त्यांवर एक तास. एकूण सव्वासहा तास झाले. उलट, जालन्याजवळून जाणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २०२५ च्या जूनमध्यें पुरा झाला. जालन्यास येण्यास एक तास व पुढील सुमारें चारशें किलोमीटरांस पांच तास धरले, तर मोटारही सहा तासांत पोंचते. आणि तिच्यांत रोग्यास मध्यें चढउतार करावी लागत नाहीं.

म्हणून विमान निरुपयोगी ठरतें असें नव्हे. संभाजीनगराहून दिल्ली सरळ रेषेंत सुमारें ९८० किलोमीटर आहे. तरी दोन्ही टोकांचा खोळंबा बहुतेक तेवढाच राहतो, आणि तेथें मोटारीनें विमानाची बरोबरी होणें नाहीं. विमान वाट तोडतें. उंबरठ्यापासून विमानतळापर्यंतची वाट मात्र प्रवाशासच तोडावी लागते. बेत करतांना मोजावी ती हीच वाट.