अणुघड्याळ नव्हे, रेडिओघड्याळ

बाहेरच्या तापमानाचा सेन्सर सोबत असलेलं, रेडिओवरून वेळ लावून घेणारं गजराचं घड्याळ जर्मनीत सर्रास मिळतं. आत अणुघड्याळ आहे, हा त्याच्याबद्दलचा सर्वांत रुळलेला गैरसमज, आणि खोक्यावरची जाहिरात त्याला हौसेनं खतपाणी घालते. खरी अणुघड्याळं पीटीबी या जर्मन राष्ट्रीय मापनसंस्थेकडे आहेत. त्यांची वेळ फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेन इथल्या डीसीएफ७७ केंद्रावरून ७७.५ किलोहर्ट्झवर प्रसारित होते. पूर्ण वेळ आणि तारीख १९७३ पासून. उशाशी ठेवलेल्या घड्याळात मात्र साधा क्वार्ट्झ स्फटिक असतो आणि तो दिवसाला अर्धाएक सेकंद चुकू शकतो. बहुतेक घड्याळं रात्री एकदा किंवा मोजक्या वेळा केंद्राचा संदेश ऐकून ही चूक पुसून टाकतात आणि बाकीचा दिवस स्वतःच्याच हिशेबानं चालतात. हे घड्याळ केंद्राशी सतत जोडलेलं नसतं, थोडाच वेळ कान देतं, एवढं लक्षात घेतलं तर ते लावताना होणाऱ्या बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो.

‘सेल घातले, पाच मिनिटं झाली, वेळ आली नाही, म्हणजे घड्याळ बिघडलं’ ही त्यातली नेहमीची तक्रार. माइनफ्लिंगेनचा संदेश मुद्दाम संथ ठेवलेला आहे. दर सेकंदाला लहरीची ताकद क्षणभर उतरते: ०.१ सेकंद उतरली तर शून्य, ०.२ सेकंद उतरली तर एक. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला ती उतरतच नाही, आणि त्यावरून नवं मिनिट कुठे सुरू होतं ते कळतं. म्हणजे एकदा वेळ समजायलाच अख्खं मिनिट लागतं. चूक पकडण्याची सोयही जुजबी, त्यामुळे घड्याळ सहसा लागोपाठची काही मिनिटं ताडून पाहतं. मध्येच बटणं दाबत बसलं की अनेक घड्याळांत ऐकणं तुटतं. घरातल्या उपकरणांमुळेही ऐकण्यात अडथळा येतो. यावर कुणी म्हणेल, शेकडो किलोमीटर पार करून आलेल्या संदेशाला घरातल्या टीव्हीचा कसला अडथळा? पण इतक्या लांबून आल्यामुळेच तो क्षीण झालेला असतो, आणि टीव्ही, संगणक, मोबाइलचे चार्जर यांच्या वीजपुरवठ्याचा गोंगाट नेमका याच पट्ट्याच्या आसपास असतो. म्हणून घड्याळ त्यांच्यापासून दीड-दोन मीटर दूर, खिडकीजवळ ठेवावं. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये, विशेषतः तळघरात, आशा कमीच. तरीही वेळ आली नाही तर रात्रभर वाट पाहावी. रात्री या संदेशासारख्या दीर्घलहरी अधिक दूरवर पोहोचतात आणि घरातला गोंगाटही कमी असतो.

तापमानही त्याच केंद्रावरून येतं, हा समज थोडा क्षम्य आहे, कारण डीसीएफ७७च्या संदेशात हवामानाची सांकेतिक माहिती खरोखरच असते. पण ती फक्त त्यासाठी खास बनवलेल्या यंत्रांना वाचता येते. सेन्सरवाल्या घड्याळातला आकडा तुमच्याच बाल्कनीतला असतो. सेन्सर तो बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर, मिनिटाच्या आसपासच्या अंतरानं पाठवतो. इथेही ऐकण्याची मुदत ठरलेली: नवे सेल घातल्यावर घड्याळ काही मिनिटंच सेन्सरचा शोध घेतं. म्हणून बहुतेक मॉडेलांत आधी सेन्सरमध्ये सेल घालायचे, मग घड्याळात. दोन्ही जवळजवळ ठेवून आकडा उमटू द्यायचा आणि त्यानंतरच सेन्सर बाहेर न्यायचा. उन्हातला आकडा ‘खरा’ मानणाऱ्यांची मात्र गंमत वाटते. तो हवेचा नसतो, तापलेल्या प्लास्टिकचा असतो. हवामानशास्त्रातही हवेचं तापमान सावलीतच मोजतात. उत्तरेकडची, पावसापासून आडोशाची जागा त्यासाठी उत्तम.

जर्मनीतल्या मराठी कुटुंबांनी हे घड्याळ भेट म्हणून पुण्या-मुंबईला आणण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डीसीएफ७७चा भरवशाचा पल्ला सुमारे दोन हजार किलोमीटर आहे, मुंबई फ्रँकफर्टपासून सहा हजारांहून अधिक दूर, आणि भारतात असं दीर्घलहरींचं वेळकेंद्र नाही. शिवाय अनेक मॉडेलांत वेळेचा फरक पूर्ण तासांतच देता येतो, त्यामुळे आपल्या वेळेतला जादा अर्धा तास त्यात बसत नाही. सेन्सर इथेही चालेल; वेळ मात्र हातानंच लावावी लागेल.