थांब्यावरचा धूर आणि अहवालातला आकडा

सकाळी साडेसहाचा सुमार. ज्येष्ठ मंडळी फिरायला बाहेर पडतात, नेमक्या त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी महापालिकेची कचरागाडी इंजिन चालू ठेवून उभी असते. कोपऱ्यावरच्या थांब्याशी डेपोतून निघालेली पहिली बस येऊन थांबते. तिचे इंजिन अजून पुरते तापलेले नसते आणि थंड इंजिनाचा धूर अधिक उग्र असतो. दम्याचे आजोबा रुमाल नाकाला लावतात, क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. खासगी मोटारींपुढे आपण हतबल असू. पण ही वाहने सार्वजनिक आहेत, आपल्या कराच्या पैशातून चालणारी आहेत. त्यांचा हिशेब मागता येतो.

तो का मागावा, हे आधी पाहू. डिझेलच्या धुरातील अतिसूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाहूनही लहान असतात. नाकातील केस आणि घशातील कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसांच्या खोल वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतले काही रक्तातही उतरतात. उतारवयात रक्तवाहिन्या आधीच ताठर झालेल्या असतात, हृदयाची राखीव शक्ती कमी झालेली असते. म्हणून तरुणाला केवळ नाक चुरचुरण्यापुरता जाणवणारा धूर वृद्धाला धाप लागण्यापर्यंत, कधी रुग्णालयापर्यंत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला निश्चित कर्ककारक ठरवले. याच संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली; आपल्या देशाचे मानक आजही ४० आहे. म्हणजे हवा ‘मानकात बसते’ एवढ्यावर घरातील रुग्णाने निर्धास्त होऊ नये.

आता हिशेबाकडे वळू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. पर्यावरण सद्यस्थिती अहवाल या नावाने तो निघतो. त्यात हवा, पाणी, कचरा यांच्या बरोबरीने वाहनांचेही प्रकरण असते. घरातल्या एखाद्या नातवाकडून महापालिकेच्या संकेतस्थळावर तो शोधून घ्यावा आणि सावकाश वाचावा. मात्र वाचताना एक सावधगिरी हवी. ‘इतक्या विद्युत बसगाड्या दाखल झाल्या’ हे वाक्य आपल्या थांब्यावरच्या हवेविषयी फारच थोडे सांगते.

गाडी ताफ्यात असणे वेगळे आणि रस्त्यावर धावणे वेगळे. चार्जिंगअभावी वा दुरुस्तीसाठी डेपोत उभी राहिलेली स्वच्छ बस कागदावर मोजली जाते; तिच्या जागी दिवसभर फेऱ्या मारणारी जुनी डिझेल बसही एकच गाडी म्हणून मोजली जाते. या फसगतीचा एक धडा अमेरिकेत आहे. तेथील १९९२ च्या ऊर्जा कायद्याने संघीय सरकारी खात्यांना नव्या हलक्या वाहनांपैकी ठरावीक हिस्सा पर्यायी इंधनाचा घेणे बंधनकारक केले. खात्यांनी इथेनॉलवरही चालू शकतील अशा मोटारी घेतल्या, वार्षिक अहवालांत तसे नोंदवले, आणि त्यांपैकी अनेक मोटारींत पेट्रोलच भरले जात राहिले. अखेर २००५ च्या कायद्याला सांगावे लागले की, अशा गाड्यांत ते पर्यायी इंधन प्रत्यक्ष वापरलेही पाहिजे.

आपल्याकडे राज्य शासनाने जानेवारी २०२२ पासून शासकीय आणि नागरी संस्थांनी नवी वाहने विजेवरचीच घ्यावीत, असा निर्णय जाहीर केला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण तो नव्या खरेदीचा आहे. जुन्या गाड्यांसाठी केंद्राचा वेगळा नियम आहे. सैन्यदलांची व कायदा-सुव्यवस्थेची विशेष वाहने वगळता, पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी, पालिका आणि परिवहन उपक्रमांच्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवता येत नाही. शिवाय मुंबई-पुण्यातील बऱ्याचशा विद्युत बसगाड्या ठेकेदारांच्या मालकीच्या व भाडेतत्त्वावरच्या आहेत. कचरागाड्यांचेही अनेक ठिकाणी तेच. अहवालात केवळ स्वतःच्या मालकीची वाहने धरली असतील, तर पहाटे गल्लीत उभी राहणारी गाडी त्या हिशेबातून निसटलेली असू शकते.

‘स्वच्छ’ या शब्दाचेही तसेच. सीएनजीच्या बसमधून काजळी फार कमी निघते, पण नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात, आणि ती श्वासनलिका चुरचुरवतात. विजेच्या बसला धुराडेच नाही. तरी टायर आणि ब्रेक यांची धूळ उरतेच. वीज कोळशाची असेल तर धुराचा भार चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांजवळ राहणाऱ्या वृद्धांवर पडतो, हेही आपण विसरू नये. आणखी एक गोष्ट, जी कोणत्याच अहवालात येत नाही: या गाड्या मंदगतीत जवळजवळ निःशब्द असतात. कमी ऐकू येणाऱ्यांनी रस्ता ओलांडताना कानांवर विसंबू नये, मान वळवून पाहावे.

तेव्हा विचारायचे ते नेमके विचारावे. गेल्या वर्षी डिझेल, सीएनजी आणि विजेच्या गाड्या प्रत्येकी किती किलोमीटर धावल्या? आपल्या डेपोतून आणि रुग्णालयाकडे जाणाऱ्या मार्गावर कोणत्या धावतात? ठेकेदारांच्या गाड्या आकड्यांत धरल्या आहेत का? पंधरा वर्षांवरची किती वाहने उरली आहेत? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये शुल्क लागते आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ज्येष्ठ नागरिक संघांनी असा अर्ज पावसाळा सरताच करावा. कारण हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत धूर कोंडून धरतो आणि श्वासाच्या तक्रारी तेव्हाच बळावतात.

उत्तर येईपर्यंत घरी इतके करता येईल. थंडीत फिरायला ऊन वर आल्यावर निघावे, थांब्यावर बसच्या मागच्या अंगाला उभे राहू नये, आणि डॉक्टरांनी दिलेला पंप कपाटात नव्हे, खिशात ठेवावा.