मोल्दोवाचें तांबडें द्राक्षमद्य : कस आणि भाव

द्राक्षमद्य करणारे देश कोणते, असें विचारलें असतां फ्रान्स, इटली, स्पेन हीं नांवें कोणीहि सांगेल. मोल्दोवाचें नांव सहसा निघत नाहीं. रुमानिया व युक्रेन यांच्यामध्यें वसलेला हा देश महाराष्ट्राच्या सुमारें नवव्या हिश्शाएवढा असून तेथें सुमारें १ लाख हेक्टर जमीन द्राक्षवेलीखालीं आहे. मद्यपानाचा पुरस्कार करावा हा आमचा हेतु नव्हे. पण माल कसदार असूनहि त्यास भाव कां मिळत नाहीं, हा प्रश्न शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून हें उदाहरण वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम कसाविषयीं. फ्रान्सचा नामांकित बरगंडी प्रांत व मोल्दोवा हे दोन्ही ४७ उत्तर अक्षांशाच्या आसपास येतात. जमीन टेकड्यांची, काळी माती पुष्कळ, पण सुपीक काळींत वेल माजून नुसता पाला होतो, म्हणून तांबड्या मद्याचे मळे चुनखडीच्या उतारावर बरे. 'फेतेआस्का नेआग्रा', म्हणजे 'काळी कुमारिका', ही तेथील जुनी जात. तिच्या मद्यास सुकविलेल्या आलुबुखाऱ्यासारखा वास येतो. 'रारा नेआग्रा' रंगानें फिकी, पण आंबटपणानें तरतरीत. काळ्या द्राक्षांचा रंग एरवीं सालींतच असतो, व साली रसाबरोबर आंबविल्यावांचून तो मद्यांत उतरत नाहीं. जॉर्जियांतून आलेल्या 'सापेरावी'चा मात्र गरहि तांबडा असतो. पुर्कारी येथें काबर्ने सोव्हिन्यों, सापेरावी व रारा नेआग्रा या तिहींचें मिश्रण करितात. आमच्या मतें त्या देशाच्या उत्तम तांबड्या मद्यांत त्याची गणना व्हावी.

मुरविण्याची सोयहि निसर्गानेंच केलेली आहे. चुनखडीच्या जुन्या खाणींचीं तळघरें झालीं आहेत. मिलेश्ती मिची येथील भुयारें सुमारें २०० किलोमीटर लांबीचीं असून आंत बारमहा सारखाच थंडावा राहतो; त्यास वेगळा पैसा पडत नाहीं.

मग भाव कां नाहीं? नांव नाहीं म्हणून. सोव्हिएत राजवटींत पुष्कळ मद्य करून संघांतील इतर प्रांतांस, मुख्यतः रशियास, पुरविणें हाच धंदा होता. १९८५ मध्यें गोर्बाचेव्ह यांनीं दारूविरुद्ध मोहीम काढली, तेव्हां कित्येक मळे उपटले गेले. १९९१ सालीं देश स्वतंत्र झाला तरी मुख्य गिऱ्हाईक तेंच राहिलें. मार्च २००६ मध्यें रशियानें आयात एकाएकीं बंद केली. मध्यंतरीं ती सुरू होऊन सप्टेंबर २०१३ मध्यें पुन्हां बंद झाली. सगळा माल एकाच दारीं नेणाऱ्याची जी गत होते, तीच झाली. तेव्हांपासून कोद्रू, श्तेफान व्होदा व वालुल लुई त्रायान या तीन प्रदेशांच्या नांवांनीं माल युरोपांत खपविण्याचा नेटाचा उद्योग चालला आहे.

यांत शेतकऱ्याची अडचण वेगळीच आहे. कस वाढवावयाचा तर कोवळ्या घडांची विरळणी करावी लागते. घड थोडे ठेविले म्हणजे उरलेल्यांत साखर व रंग चांगला भरतो, पण वजन घटतें. आणि खरेदीदार वजनावरच पैसे देत असेल तर विरळणी करणाराच बुडतो. साखर व सालीचा पक्वपणा पाहून भाव ठरविल्यासच हें काम परवडेल, असें आम्हांस वाटतें.

घेणाऱ्याचा मात्र यांत लाभ आहे. बाटलीवर प्रदेशाचें व जातीचें नांव पाहून घ्यावें. बरगंडीच्या साधारण बाटलीस जें मोल पडतें, तेवढ्यांत पुर्कारीच्या निवडक मालाची बाटली बहुधा मिळते.