लिव्याथान म्हणजे मगर नव्हे

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातला 41वा अध्याय निघाला की कोणीतरी जाणकाराच्या थाटात सांगतोच, त्यातला अजस्र जलचर लिव्याथान म्हणजे आपली मगर. सॅम्युएल बोशार या फ्रेंच पंडिताने 1663 साली हे मत मांडले, आणि तेव्हापासून ते विवेकी उत्तर म्हणून खपते आहे. भीमाकाठी मगर कोणाला समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे हा खुलासा इकडे चटकन पटतो. अडचण एवढीच की अध्यायातल्या मजकुराशी तो जुळत नाही. देवाचा सगळा युक्तिवाद या जनावराला गळ लावता येत नाही आणि पाळता येत नाही, यावर उभा आहे. मगरीबाबत माणसाने दोन्ही केले होते! इसवीसनपूर्व पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो, की इजिप्तमध्ये डुकराच्या मांसाचे आमिष गळाला लावून मगरी काठावर ओढत. आणि काही भागांत तर मगर माणसाळवून तिच्या कानांत सोन्याचे दागिने, पुढच्या पायांत कडी घालत. म्हणजे लिव्याथान मगर असेल, तर देवाचा प्रश्न कोणताही इजिप्शियन कोळी हसत निकालात काढेल.

यावर म्हणतात, खवले आणि दात तर मगरीचेच आहेत. असतील, कवीने डोळ्यांपुढची मगर वापरली असणार. पण मगरीचे पोट मऊ असते, पर्सचे कातडे तिथूनच काढतात; लिव्याथानाचे पोट मात्र खापरांसारखे धारदार आहे. तोंडातून ज्वाळा निघतात त्या वेगळ्याच. बरे, ही नुसती काव्यातली अतिशयोक्ती म्हणावी, तर 74व्या स्तोत्रात त्याच लिव्याथानाला अनेक डोकी आहेत. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा येथे 1929पासून सापडलेल्या उगारित या प्राचीन शहराच्या मातीच्या पाट्यांत सात डोक्यांचा, वळसे घेणारा समुद्रसर्प येतो. त्याचे नावही याच नावाशी नाते सांगणारे आहे. या पाट्या ईयोबाच्या पुस्तकाहून कित्येक शतके जुन्या. यमुनेतल्या कालियाची जात ठरवायला आपण प्राणिशास्त्रज्ञ बोलावत नाही, मग इथेच हा अट्टाहास का?

देवमासा म्हणावे, तर त्याला खवलेच नसतात. डायनासोर म्हणणाऱ्यांनी आधी माणूस आणि डायनासोर यांच्यातली सहा कोटींहून अधिक वर्षे भरून काढावीत. आणि लिव्याथान म्हणजे सैतान हे समीकरण या पुस्तकात नाहीच. सैतान पहिल्या दोन अध्यायांत येतो आणि पुढे त्याचे नावही निघत नाही.